विश्लेषण : पर्यटकाच्या रुपयावर टिपेश्वरच्या वाघाचा ठसा उमटवता येईल?

रुळावर नाणे ठेवायचे, गाडी जाईपर्यंत दम धरायचा आणि मग खडीत हात घालून ते शोधत बसायचे, हा खेळ रेल्वेलगत वाढलेल्या पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या. चपट्या नाण्याचे लोहचुंबक होते, अशी पोरांची ठाम समजूत असे. होत काहीच नसे, पण ते वेडेवाकडे पत्र्यासारखे नाणे कंपासपेटीत वर्षानुवर्षे राही. (रुळावर काहीही ठेवणे हा गुन्हा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे, हे वेगळे सांगायला नको.) अमेरिकेत या चपट्या नाण्याचा रीतसर धंदा झाला. पर्यटनस्थळी एक यंत्र उभे असते, त्यात नाणे टाकून हँडल फिरवले की त्या स्थळाचे चित्र उमटलेली लंबगोल चकती हाती येते. ‘यंत्र लावा, विसरून जा, पैसे येत राहतील’ अशा शीर्षकाच्या चित्रफितींमधून आता हा धंदा आपल्याकडच्या तरुणांपर्यंतही पोचतो. कापूस-सोयाबीनच्या पलीकडे काही करून बघावे, असे वाटणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यातील तरुणाला त्याची भुरळ पडणे साहजिक आहे. मात्र अमेरिकेतले यंत्र जसेच्या तसे इथे आणले, तर गुंतवणूक तर बुडेलच, शिवाय तुरुंगाची वेळ येऊ शकते. थोडा बदल केला तर मात्र हाच धंदा इथे उभा राहू शकतो. तो बदल कोणता आणि त्यातून येणारा पैसा कोणाच्या हाती पडावा, हे समजून घेणे म्हणून गरजेचे आहे.

हे यंत्र चालते कसे?

रचना उसाच्या चरकासारखी. कठीण पोलादाचे दोन रूळ एकमेकांना जवळजवळ चिकटून फिरतात. त्यातल्या एकावर चित्र उलटे कोरलेले असते. नाणे या दोन रुळांच्या मध्ये गेले की दाबाने ते पातळ व लांब होते आणि त्याच वेळी चित्र त्यावर उमटते. हँडल आणि रूळ यांच्यामध्ये दातेरी चाकांची साखळी असल्याने दहा वर्षांचे पोरसुद्धा ते फिरवू शकते. एकाच रुळावर तीन-चार चित्रे कोरून ग्राहकाला निवड देता येते. विजेची गरज नाही.

या प्रकाराची सुरुवात शिकागो येथे १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनातून झाली, असे मानले जाते. नंतर संग्रहालये, प्राणिसंग्रहालये, डिस्नेची उद्याने अशा ठिकाणी ही यंत्रे पसरली. ग्राहक पाव डॉलरची दोन नाणी यंत्राला फी म्हणून देतो आणि एक सेंटचे नाणे चिरडायला देतो, असा ५१ सेंटचा हिशेब बरीच वर्षे चालला. म्हणजे कच्चा माल ग्राहकच खिशातून आणतो. धंद्याची खरी खुबी इथेच आहे. मालाची साठवण नाही, मालात भांडवल अडकत नाही, मालक आठवड्यातून एकदा येऊन गल्ला रिकामा करून जातो.

आता ही खुबी अमेरिकेतच धोक्यात आली आहे. एक सेंटचे नाणे पाडायला २०२४ या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट खर्च येत होता. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या टांकसाळीने चलनासाठीचे शेवटचे सेंट नाणे पाडले. जुनी नाणी अजून बाजारात भरपूर आहेत. तरीही तांब्याच्या कोऱ्या चकत्या आधीच भरून ठेवलेली यंत्रे तिथे दिसतात आणि पुढचा काळ त्यांचाच आहे.

भारतात ग्राहकाचेच नाणे का वापरता येत नाही?

अमेरिकेचा कायदा नाण्यात फसवणुकीच्या हेतूने केलेल्या फेरफाराला गुन्हा मानतो. आठवण म्हणून चपटे केलेले नाणे कोणी चलन म्हणून खपवायला जात नाही, त्यामुळे ते चालून जाते. आपल्याकडचा ‘नाणे अधिनियम, २०११’ हेतूच्या फंदात पडत नाही. त्याच्या कलम १२ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे, विनिमयाखेरीज अन्य कामासाठी ते वापरणे आणि नष्ट वा विद्रूप केलेले नाणे जवळ बाळगणे, या सगळ्यांस मनाई आहे. कलम १३ मध्ये शिक्षा आहे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात यंत्राचा मालक तर सापडतोच, पण चपटा रुपया खिशात घालून घरी निघालेला पर्यटकही शब्दशः पाहता त्याच कलमात बसतो. स्वतःच्या गिऱ्हाइकाला आरोपी करणारा धंदा फार दिवस चालत नाही.

कायदा इतका कडक का, याला इतिहास आहे. नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्यापेक्षा वाढली की नाणी भट्टीत जातात, हा जुना अनुभव. सुट्या नाण्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून १९७१ मध्ये लहान नाण्यांविषयीच्या गुन्ह्यांचा खास कायदा करावा लागला होता. २००७ च्या सुमारास भारतीय नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि तिथे त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या गाजल्या. २०११ च्या कायद्याने १९०६ चा मूळ नाणे कायदा, १९७१ चा हा कायदा आणि धातूच्या टोकनांविषयीचा १८८९ चा कायदा अशी जुनी भावंडे एकत्र केली. त्या वेळी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भट्टीवाले होते, पर्यटनस्थळावरचे खेळणे नव्हते. पण कलमाच्या शब्दांत दोघांत फरक केलेला नाही, आणि पोलीस ठाण्यात शब्दच वाचले जातात.

अक्षरशः वाचायचे म्हटले तर कलशात टाकलेला रुपया आणि सामन्यापूर्वी उडवलेले नाणे हाही ‘विनिमयाखेरीज वापर’ ठरेल. पण ती नाणी अखंड राहतात, उद्या परत दुकानात चालतात. चपटे नाणे परतत नाही.

मग चलनातून गेलेली जुनी नाणी? २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. (सव्वा रुपयाची दक्षिणा तेवढी पंचांगात शिल्लक आहे, त्यातली पावली कधीच गेली.) नव्या कायद्याची ‘नाणे’ ही व्याख्या वैध चलनापुरती आहे, तेव्हा बाद पावली चिरडली तर काय बिघडले, असा युक्तिवाद करता येतो. वकिलाला तो आवडेल. पण त्याच कलम १२ मध्ये आणखी एक अट आहे. नाण्यात असलेल्या प्रमाणातच मिश्रधातू असलेला धातू कोणाकडे सापडला, तर त्याने गुन्हा केला आहे असेच गृहीत धरले जाईल आणि तसे नाही हे त्यानेच सिद्ध करायचे. पाच-दहा किलो जुन्या पावल्या घेऊन बसलेल्या तरुणाला हे सिद्ध करत बसण्याची हौस नसावी.

भर म्हणजे आपली हल्लीची नाणी या कामाला लायकही नाहीत. एक आणि दोन रुपयांची नाणी पोलादाची आहेत. हे पोलाद तांब्यासारखे मऊ नाही. ठसा नीट उमटत नाही आणि रूळ मात्र झिजतो.

मग कायदेशीर मार्ग कोणता?

कोरी चकती. ग्राहकाकडून नाणे घ्यायचेच नाही. पैसे यूपीआयने किंवा रोखीने घ्यायचे आणि यंत्रात शुद्ध तांब्याची कोरी चकती टाकायची. आपले कोणतेही चालू नाणे शुद्ध तांब्याचे नाही, त्यामुळे मिश्रधातूच्या गृहीतकाचा प्रश्न येत नाही. तांबे मऊ असते, ठसा स्वच्छ घेते आणि हातात धरल्यावर ‘काही तरी मिळाले’ असे वाटायला लावते. ॲल्युमिनियम स्वस्त पडेल, पण ते हलके लागते आणि पन्नास रुपये दिल्यावर फसवल्यासारखे वाटते.

दुसरे पथ्य चित्राचे. याच कायद्याचे कलम १४ पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे बनवण्यास मनाई करते. तेव्हा चकतीवर ‘रुपया’ हा शब्द नको, आकडा नको, ती कुठल्याही दुकानात वटेल अशी योजना नको. चार सिंहांची राजमुद्रा २००५ च्या कायद्याने वर्ज्य आहे. आणि महाराष्ट्रात हमखास घडेल अशी चूक म्हणजे शिवराई. तांब्याची चकती म्हटले की शिवराईची आठवण येणार आणि तिच्यामागे महाराजांचे चित्र येणार. पण बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे व महात्मा गांधींचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरता येत नाही. बाजारात सर्रास वापरले जाते हे खरे, पण दुसऱ्याने सिग्नल तोडला म्हणून आपली पावती माफ होत नाही.

कोऱ्या चकतीमुळे धंद्याचे गणित मात्र मुळापासून बदलते. अमेरिकन मालकाला माल फुकट मिळत होता. इथे तो विकत घ्यावा लागतो. तो मोजून ठेवावा लागतो, चोरीला जाऊ शकतो. यंत्र ‘लावून विसरण्याचे’ राहत नाही. चित्रफितींमधल्या आश्वासनातला हाच भाग आपल्याकडे गळून पडतो, आणि त्या चित्रफितींत नेमके हेच सांगितले जात नाही.

दुसरे देशही याच वाटेने गेले आहेत. फ्रान्सची सरकारी टांकसाळ गेली कित्येक वर्षे तिथल्या स्मारकांवर यंत्रांतून तयार स्मरणचकत्या विकते. जपानमध्ये मनोऱ्यांवर, मत्स्यालयांत स्मरणपदकांची यंत्रे असतात आणि शेजारी दुसरे छोटे यंत्र त्यावर ग्राहकाचे नाव व तारीख ठोकून देते. दोन्हीकडे चलनी नाण्याला हात लागत नाही. हिंदुस्थानी ग्राहकाला मात्र नुसती तयार चकती घेण्यापेक्षा हँडल आपल्या हाताने फिरवण्यात गंमत वाटेल. पोराने फिरवायचे, आईने व्हिडीओ काढायचा. तेव्हा अमेरिकेचे हँडल आणि फ्रान्सची चकती, अशी जोडी इथे जमेल.

रेल्वे स्थानकावरच्या वजनकाट्यांचे काय झाले?

हा प्रश्न आडवाटेचा वाटेल, पण यंत्रावर चालणाऱ्या छोट्या धंद्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा धडा तोच आहे. लाल-पिवळे दिवे, आत गरगरणारी चकती आणि रुपया टाकला की ‘खट्’ आवाज करून बाहेर पडणारे पुठ्ठ्याचे तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा नटनटीचे चित्र. प्रवाशाला वजनाशी फारसे देणेघेणे नव्हते. त्याला ते तिकीट हवे असायचे. म्हणजे तेही एक स्मरणचिन्हच होते.

ते यंत्र एका ठराविक नाण्याशी बांधलेले होते. महागाई वाढली, दुरुस्ती महागली, पण यंत्राची फी रुपयावरून सव्वा किंवा दीड रुपया करता येत नव्हती. त्यात रुपयाच बदलत गेला. १९८० च्या दशकातला रुपया ६ ग्रॅमचा, १९९२ नंतरचा ४.८५ ग्रॅमचा, २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅमचा. व्यासही प्रत्येक वेळी घटला. नाणे ओळखणाऱ्या यंत्राला दर वेळी नव्याने शिकवावे लागे. एक रुपयाच्या फोनच्या डब्यांनाही याच बदलाला तोंड द्यावे लागले आणि मोबाइल आल्यावर त्यांची गरजच उरली नाही. आता तर चाक उलटे फिरले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ शहरांत क्यूआर कोड दाखवून नाणी काढण्याच्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. यंत्रात नाणी टाकण्याचे दिवस जाऊन यंत्रातून नाणी काढण्याचे दिवस आले.

यातून नव्या धंद्याने घ्यायचा बोध सरळ आहे. यंत्राचा पैसे घेणारा भाग आणि ठसा उठवणारा भाग वेगळे ठेवावेत. पैसे क्यूआरवर घ्यावेत, चकती माणसाने हातात द्यावी, यंत्राने फक्त दाबण्याचे काम करावे. मग दर चाळीसचा पन्नास करायला नुसती पाटी बदलावी लागेल.

यवतमाळमध्ये ते कुठे लावायचे?

पहिले नाव टिपेश्वरचे निघते. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वाघ दिसण्याची शक्यता चांगली म्हणून नागपूर-हैदराबादचे पर्यटक इकडे वळतात. इथे जन्मलेल्या एका तरुण वाघाने २०१९-२० मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणातून ३ हजार किलोमीटरहून अधिक पायपीट केली आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम ठोकला. ‘वॉकर’ या नावाने तो जगभर गाजला. लंबगोल चकतीवर चालता वाघ आणि त्याच्या वाटेची तुटक रेघ, यापेक्षा नेमके चित्र दुसरे सुचणार नाही.

पण धंद्याच्या नजरेने पाहिले तर सुन्ना किंवा माथनी प्रवेशद्वारावरची गर्दी मोजकीच असते. गाड्यांची संख्या ठरलेली, पावसाळ्यात सफारी बंद. पहाटे सफारीला निघालेला पर्यटक यंत्रापाशी थांबत नाही. तो थांबतो परतताना, आणि तेही वाघ दिसला असेल तर. वाघ न दिसलेल्याला चकती विकणे हे काम अवघड. (तरी ‘वाघ दिसला नाही, पण आलो होतो’ असा ठसा काढला तर तोच जास्त खपेल, असाही एक अंदाज बांधता येतो.)

त्यापेक्षा नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जास्त कामाचा. पांढरकवड्यावरून तो जातो, आणि केळापूरच्या जगदंबेचे देवस्थान त्याच्या जवळच आहे. महामार्गावरच्या चांगल्या ढाब्यावर बारा महिने माणूस थांबतो, जेवण येईपर्यंत त्याच्याकडे वेळ असतो आणि सोबत कंटाळलेली पोरे असतात. यंत्रासाठी याहून योग्य जागा नाही. एक प्रवेशद्वारावर, एक महामार्गावर आणि रूळ एकच, अशी अदलाबदलीही करता येईल.

दुसरे ठिकाण कळंब. जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे लागणारे चिंतामणीचे मंदिर विदर्भातल्या गणेशभक्तांना परिचित आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला, त्यामुळे गाव पहिल्यांदाच मोठ्या रेल्वेच्या नकाशावर आले. मात्र देवाच्या चित्राबाबत जपून. रुळाखाली चिरडलेल्या चकतीवर गणपती, ही कल्पनाच काहींना रुचणार नाही, आणि ठसा बिघडलेली चकती कचऱ्यात दिसली तर वाद ठरलेला. तिथे मंदिराचा कळस किंवा पायऱ्यांची विहिरीसारखी रचना घ्यावी आणि बिघडलेल्या चकत्या मोजून परत घेऊन वितळायला पाठवाव्यात. जागा देवस्थानाची असेल, तर न्यासाची बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. करार त्याहून कमी मुदतीचा ठेवला की काम सुटसुटीत होते.

आणि शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज. मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढले आणि खासगी कंपनीच्या मालकीची म्हणून ती देशभर चर्चेत राहिली. आता गाडी धावत नाही. रुळावर नाणे चपटे करण्याच्या खेळाची आठवण चपट्या चकतीवर ठेवायची असेल, तर त्या चकतीवर शकुंतलाच हवी. यवतमाळच्या बसस्थानकावरही ती खपेल. पुण्या-मुंबईत राहणारा यवतमाळकर वाघापेक्षा शकुंतलेसाठी आधी खिशात हात घालेल.

हिशेब जमतो का?

आकडे गृहीत धरूनच बोलावे लागेल. समजा, यंत्र इथेच बनवून घेतले आणि दोन लाख रुपये लागले. चार चित्रांचा रूळ कोरायला तीस हजार. एक किलो तांब्याच्या पत्र्यातून चार ग्रॅमच्या अडीचशे चकत्या निघतात, कातरण सोडून. पत्रा, कापणी आणि मऊ करण्यासाठी तापवणे धरून चकती पाच रुपयांना पडली, कागदी पाकीट वगैरे दोन रुपये आणि जागेच्या मालकाला पन्नास रुपयांतले दहा. हाती उरतात ३३. भांडवल निघायला सुमारे सात हजार ठसे हवेत. रोज वीस ठसे गेले तर साडेतीनशे दिवस. टिपेश्वरचा हंगाम नऊ महिन्यांचा धरला, तर सव्वा ते दीड हंगाम.

हे चांगले दिसते, पण त्यात यंत्राजवळ बसणाऱ्याची मजुरी नाही. तीनशे रुपये रोज द्यायचे ठरले की वीसपैकी पहिले नऊ-दहा ठसे त्यातच जातात आणि भांडवल निघायला साडेसहाशे दिवस लागतात. रोज दहाच गेले तर मालक फक्त मजुरी वाटत बसतो. तेव्हा केवळ या यंत्रासाठी माणूस बसवणे परवडत नाही. ज्याचे आधीच चहाचे, ज्यूसचे, बांबूच्या वस्तूंचे दुकान आहे, त्याच्या गल्ल्याशेजारी यंत्र उभे राहिले तरच ते पैसे मिळवते. हा जोडधंदा आहे. नोकरी सोडून, शेत गहाण टाकून करण्याचा हा व्यवसाय नव्हे, आणि कर्ज काढून एकदम पाच यंत्रे घेण्याचा तर मुळीच नव्हे. मुद्रा योजनेतून यासाठी कर्ज मिळू शकते (मुद्रेसाठी मुद्रा, असा योगही जुळतो), पण शिशू गटातल्या पन्नास हजारांत यंत्र बसत नाही आणि त्यावरच्या गटात गेले की हप्ताही वाढतो. वस्तू विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी मात्र मोफत आहे, ती करून घ्यावी.

परदेशातून जुने यंत्र मागवण्याचा मोह टाळावा. ते त्यांच्या नाण्याच्या मापाचे असते, आणि एक दातेरी चाक तुटले की तीन महिने बसावे लागते. रूळ कोरणे आणि त्याला पाणी देणे हे काम छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेच्या आवाक्यातले आहे. सांगाडा आणि चाके यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतही होतील. चकत्यांसाठी पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भंडारा विदर्भातच आहे. यंत्र बिघडल्यावर दुचाकीवर टाकून नेता येईल अशा अंतरावर ते बनलेले असणे, ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी.

यातून कोणाला काय मिळणार?

प्रश्नाचा हा भाग हिशेबापेक्षा नाजूक आहे. आज पर्यटनस्थळावर आणि देवस्थानाबाहेर मिळणाऱ्या किचेन, चुंबके, माळा बहुतेक एकाच घाऊक बाजारातून येतात. शेगाव, माहूर, शिर्डी, नाव तेवढे बदलते. गावाच्या वाट्याला येते ती दुकानाची पाटी आणि प्लॅस्टिकचा कचरा.

टिपेश्वरच्या भोवतालच्या गावांचा वाघाशी संबंध फोटोपुरता नाही. जनावर गेले, पीक गेले, संध्याकाळी शेतातून परतायची भीती बसली, हे त्यांनी सोसले आहे. जिल्ह्याच्याच राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ ऊर्फ अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली, तेव्हा तिच्या नावावर १३ माणसांचे मृत्यू नोंदले गेले होते. शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि गावांत सुटकेचा श्वास टाकला गेला. वाघाचे चित्र विकण्याचा हक्क कोणाला, याचे उत्तर या दोन प्रतिक्रियांच्या मध्ये कुठे तरी आहे. ज्यांनी वाघ सोसला, त्यांच्या गल्ल्यात वाघाच्या ठशाचे पैसे पडणे हेच न्यायाचे.

म्हणून वन विभागाने प्रवेशद्वारावर अशा यंत्राला जागा द्यायची ठरवली, तर ती जास्तीत जास्त बोली लावणाऱ्या नागपूरच्या ठेकेदाराला देऊ नये. जागा प्रवेशद्वाराच्या गावातल्या महिला बचत गटाला किंवा ग्राम परिस्थितीकीय विकास समितीला द्यावी, यंत्राचा एकरकमी खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीतून व्हावा आणि चकत्यांचा चालू खर्च गटाने सांभाळावा. ठेकेदाराच्या हिशेबात मजुरी हा तोटा असतो. गटाच्या हिशेबात तीच कमाई. रोज दहाच ठसे गेले तरी ठेकेदार यंत्र उचलून नेईल, गट नेणार नाही, कारण त्या दहा ठशांचे तीनशे तीस रुपये गावातच राहतात. बेताच्या गर्दीच्या ठिकाणी हा धंदा टिकायचा असेल तर तो अशा हातांत असण्याला केवळ न्यायाचा नव्हे, व्यवहाराचाही आधार आहे. अनुदानातून आलेली यंत्रे धूळ खात पडतात, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय म्हणजे यंत्र गटाच्या नावावर करून देण्याआधी एक हंगाम ते भाड्याने चालवायला देणे. पेलले तर ठेवा, नाही तर शेजारच्या गावाला जाऊ द्या.

नाण्याचा दागिना करून आठवण अंगावर वागवण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर जुन्या रुपया-पावल्यांच्या माळा आजही म्हाताऱ्यांच्या गळ्यात दिसतात. चकतीच्या वरच्या टोकाला एक भोक पाडून ठेवले, तर ती पाकिटात हरवण्याऐवजी गळ्यात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात जाईल. भोक पाडण्याचे हातयंत्र सोनाराकडे मिळते. त्याचे पाच रुपये वेगळे लावता येतील.

टिपेश्वरची दारे पावसाळ्यात बंद असतात. चित्र ठरवणे, रूळ कोरून घेणे, पहिल्या हजार चकत्या कापून ठेवणे आणि गटातल्या दोघींना यंत्राची चाके उघडून परत बसवायला शिकवणे, एवढ्या कामांना तेवढे तीन महिने पुरतात. पहिली सफारी ऑक्टोबरमध्ये सुटते आणि दिवाळीच्या सुट्टीची गर्दी त्यामागोमाग येते.